मी धुतलेला सिनेमा

सिनेमा धुता येतो. चादरीसारखा. पिंपात उकळतं पाणी घ्यायचं, त्यात कॉस्टिक सोडा टाकायचा, वरून फिल्म सोडायची आणि बांबूनं ढवळत बसायचं. मी सात वेळा धुतलाय. सातही वेळा एकच सिनेमा. या विषयात अख्ख्या चेन्नईत माझ्याइतका अनुभवी माणूस नसेल, आणि असलाच तर त्याला गप्प बसायची अक्कल असेल.

संपादकबाईंनी फोन केला, "दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याबद्दल लिहा ना." मी म्हटलं, कुठल्या धंद्याबद्दल? दोन केले, दोन्ही बुडाले. त्या म्हणाल्या, "जो जास्त बुडाला त्याबद्दल लिहा." आता आली का पंचाईत! पहिला धंदा दुसऱ्यात बुडालाय. वेगळे काढता येत नाहीत.

मी विट्याच्या बाजूचा. आमच्याकडची निम्मी माणसं गलाईत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. देशातल्या कुठल्याही सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत जा, भट्टीपुढं घामानं निथळत बसलेला माणूस आमच्याकडचा निघतो. माझा मामा इथं सौकारपेठेत तसाच बसला होता. मी चौथीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला निघालो तेव्हा मास्तरांनीच मामाला पत्र टाकलं, की याला घेऊन जा, माझं पेन्शन जवळ आलंय.

इथले लोक आम्हाला सेट्टु म्हणतात. उत्तरेकडनं आलेला, सोन्या-चांदीच्या गल्लीत राहणारा, म्हणजे शेठच असणार. माझ्या बनियनला जेवढं कापड तेवढी भोकं. तरी मी सेट्टु.

गलाईत सगळ्यात मोठा मान कचऱ्याला. सोनाराच्या दुकानातला केर, पाय पुसायचं तरट, हात धुतलेलं पाणी, सगळं आम्ही विकत घेतो. जाळतो, वितळवतो, त्यातनं सोन्याचा कण काढतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, पण मी चौथीत दोनदा बसलेला. आल्या आल्या दुसऱ्या दिवशी दारात केरानं भरलेलं पोतं दिसलं. म्हटलं, मामाची माणसं घाण राहतात. नेऊन गटारात ओतलं, वर दोन बादल्या पाणीही मारलं. मामा धोतर खोचून गटारात उतरला. लोक शिव्या वरनं देतात, मामानं मला खालनं दिल्या.

मग मामाला कुणीतरी सांगितलं, की सिनेमाच्या फिल्मवर चांदी असते. खोटं नाही ते. फिल्मवर जे काळं दिसतं, ती चांदीच. म्हणून पडलेल्या सिनेमाच्या पेट्या किलोवर विकल्या जायच्या. धुवायच्या, गाळ खाली बसू द्यायचा, गाळ जाळायचा, टाकणखार घालून मुशीत वितळवायचा. उरलेली पट्टी काचेसारखी स्वच्छ होते, ती प्लास्टिकवाले नेतात. हिरो गेला, हिरॉइन गेली, व्हिलन गेला, राहिली बांगडी.

मामा म्हणाला, "बाळ्या, भट्टीचं तुला काय जमत न्हाई. पर सिनेमे लई बघतोस. जा, पडलेला सिनेमा घिऊन ये."

माझ्या आयुष्यातली ही पहिली बढती.

सिनेमा पडला म्हणजे काय होतं, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. पोस्टर उतरतं तेवढंच त्याला दिसतं. थिएटरवाले शुक्रवारी नवा सिनेमा लावतात आणि जुन्याची पत्र्याची पेट्टी परत पाठवतात. ती वितरकाच्या गोदामात जाते. हिट असेल तर तिला खेड्यापाड्यात फिरवतात, पडद्यावर पावसासारख्या रेघा पडेपर्यंत. फ्लॉप असेल तर ती कोपऱ्यात पडते, मग गंजते, मग सेट्टुची वाट बघते.

मला तमिळ बोलता यायला लागलं होतं, वाचता शून्य. गोदामात गेलो तर एका कोपऱ्यात सात पेट्या, सातींवर एकसारखी चिठ्ठी. मी विचारलं, हा कुठला? गोदामवाला जांभई देत म्हणाला, "एक आठवडाही चालला नाही, सेट्टु. ने." मी नेल्या. एकाच घरातल्या सात बहिणी एका मांडवात उजवाव्यात तशा.

गच्चीवर पिंप लावलं. फिल्म सोडण्याआधी मी थोडी थोडी उन्हात धरून बघायचो. बारक्या बारक्या चौकटी, आणि त्यात एक बाई, कमरेवर पोपटी रंगाची प्लास्टिकची घागर. पुढच्या चौकटीत तीच बाई. हातभर फिल्म सरकवली तरी तीच, तिथंच उभी. मनात म्हटलं, पडणार नाही तर काय? तिला मारायला कुणी गुंड नाही, वाचवायला कुणी हिरो नाही. ढकलली पिंपात.

आठ दिवस धूत होतो. शेवटी मुशीत जे निघालं ते मामानं चिमट्यात धरलं आणि माझ्याकडं बघितलं. "ह्यात तुझ्या मामीच्या पायातलं एक जोडवं व्हईल. दुसरा पाय उघडा."

शेजारी फोटोचं सामान विकणारे एक म्हातारे तमिळ गृहस्थ होते, त्यांना सगळे अय्या म्हणत. त्यांना बोलावलं. त्यांनी पट्टी हातात घेतली, विचारलं, "सिनेमा रंगीत होता?" मी म्हटलं, होय, घागर पोपटी होती. अय्या कपाळाला हात लावून हसले. रंगीत फिल्मवरची चांदी लॅबमध्येच धुऊन जाते. कडेला आवाजाची बारीक रेघ असते, तेवढ्यात थोडी राहते. म्हणाले, "सेट्टु, चित्र तुम्ही नाल्यात सोडलंत. चिमट्यात आहे तो फक्त आवाज."

काळ्या-पांढऱ्या सिनेमात चांदी, रंगीतात नाही, एवढं ज्याला कळत नाही त्यानं चांदीच्या गल्लीत राहू नये, असं मामाचं मत पडलं. माझी ट्रंक बाहेर आली.

ट्रंक घेऊन गेलो इथल्याच तिरुवल्लिकेणीत. तिथं मॅन्शन नावाच्या इमारती असतात. नाव मोठं, खोली आठ बाय दहा. एका खोलीत तीन बॅचलर, दोरीवर तिघांच्या लुंग्या, खाली मेस. रंगीत टीव्ही, व्हिडिओ नवे आलेले. मी लग्न केलं, सासऱ्यानं दिलेल्या अंगठीत एक जुना व्हीसीआर आला आणि जिन्याखाली दुकान काढलं. नाव 'सेट्टु व्हिडिओ'. लोक तसंही तेच म्हणणार होते.

धंदा सोपा. कॅसेट भाड्यानं द्यायची, उद्या परत घ्यायची. रविवारी टीव्ही आणि व्हीसीआर सायकलला बांधून मॅन्शनमध्ये न्यायचा, वायरी जोडायच्या. तीन मजले चढेपर्यंत माझंच चित्र हलायला लागायचं. गिऱ्हाइकं एकेक नमुने. एकजण फक्त आधी बघितलेले सिनेमे न्यायचा. म्हणायचा, "नवीन बघितलं की पुढं काय होणार म्हणून टेन्शन येतं." एकानं माझ्या सुपरहिट सिनेमाच्या शेवटावर बहिणीचा साखरपुडा टेप केला आणि गुपचूप परत दिला. मी न बघता महिनाभर भाड्यानं दिला. एकानंही तक्रार केली नाही. उलट एक आजोबा म्हणाले, "शेवट गोड केलाय, सेट्टु. पण मुलीचा सासरा जरा खडूस दिसतो."

आता कोसुरु सांगतो. इथं भाजीवालीकडं भाजी घेतली की ती वर चार कढीपत्त्याची पानं, दोन काड्या कोथिंबीर फुकट टाकते. त्याला कोसुरु म्हणतात. मी तेच केलं. दोन हिट कॅसेटी घ्या, एक फ्लॉप फुकट. फ्लॉप कॅसेटी घाऊक बाजारात ढिगानं मिळायच्या, ठेवायला नुसती जागा लागायची.

त्या ढिगात एक कॅसेट होती. 'तण्णी वरुम नेरम'. म्हणजे पाणी यायची वेळ. शहरात पाण्याची बोंब. मॅन्शनमध्ये राहणारा एक कारकून पहाटे नळावर रांगेत उभा राहतो. समोरच्या घरातली एक बाई पण उभी राहते. तो तिला बघतो, ती त्याला बघते, पाणी भरतात, जातात. शेवटी मॅन्शनमध्ये बोअर पडते, त्याला खाली यायचं कारण राहत नाही. संपला सिनेमा! मधे एक फाइट नाही. मी कथा ऐकूनच म्हटलं, दिवसभर घागर घेऊन उभी राहिलेली बाई तिकीट काढून परत घागरच बघायला कशाला येईल?

कोसुरु म्हणून द्यायला लागलो तर पहिला बॅचलर परत घेऊन आला. "सेट्टु, कढीपत्ता म्हणून कडुनिंब देऊ नका."

मग एका रविवारी एका मॅन्शनमध्ये दोन्ही हिट बघून झाले, बाहेर पाऊस थांबेना, पोरांना कुठं जायला नव्हतं. लावली कोसुरु. दुसऱ्या रविवारी तीच पोरं आली. म्हणाली, "ते पाण्याचं द्या. सोबत काहीतरी हिट असलं तर चालेल." मी परत विचारून घेतलं. हिट कोसुरु? "हो, हिट कोसुरु."

महिन्याभरात सगळ्या मॅन्शनांत पसरलं. थिएटरात हजार माणसांत बसून जो सिनेमा कंटाळवाणा होता, तोच आठ बाय दहाच्या खोलीत बसला की खोलीचाच व्हायचा. खोलीतली तिघं पोरं पण रोज रांगेत उभी राहायची. त्यांच्याही समोर कुणीतरी राहायचं. सिनेमातली एक जागा अशी, की बाई एकदाच, जराशी हसते. पोरं तिथं कॅसेट मागं फिरवायची. परत हसू. परत मागं. माझ्या कॅसेटचा तेवढाच तुकडा झिजून पांढरा पडला. मी नवी कॉपी केली, तीही तिथंच झिजली. मी मात्र सिनेमा बघितला नव्हता. हलवाई कुठं पेढे खातो?

मग एक दिवस एक गृहस्थ आले. सडपातळ, पांढरा शर्ट, हातात छत्री. तमिळमध्ये विचारलं, "तण्णी वरुम नेरम कुणी नेतं का?" मी तमिळमध्ये म्हटलं, बसा सार. आणि काउंटरवर बसलेल्या माझ्या बायकोला, शालनला, आपल्या मराठीत म्हटलं, "आला बघ अजून एक. ज्यानं हा पिक्चर काढला त्याला मरिनावर नेऊन, हातात घागर देऊन समुद्र उपसायला बसवायला पाहिजे."

गृहस्थ मराठीत म्हणाले, "येथून मरिना जवळच आहे. मी चालत जातों. घागर तुम्ही द्याल कीं माझी आणूं?"

शालन टेबलाखाली गेली. खरंच गेली, हसायला. मला जायला टेबल उरलं नाही.

ते राव सार. तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांमागं आलेल्यांपैकी. त्यांचं मराठी कानाला पोथीतल्यासारखं लागतं आणि चाल तमिळ. तो सिनेमा त्यांनीच काढलेला. पहिला आणि शेवटचा. नंतर त्यांना कुणी काम दिलं नाही, म्हणून एका शाळेत ड्रॉइंग शिकवत होते. मी पाया पडायला गेलो तर म्हणाले, "नको. अस्के लोक तेंच म्हणाले." अस्के म्हणजे सगळे. "तूं निदान घागर देतो म्हणालास."

ते गेल्यावर लाजेनं मी कॅसेट लावली. पाचव्या मिनिटाला ती बाई आली. कमरेवर पोपटी घागर.

शालन म्हणाली, "काय झालं? पांढरे का पडलात?" मी म्हटलं, "हिला मी ओळखतो. मी हिला आठ दिवस सोड्यात घातली होती."

सिनेमा पुढं बघितला. चांगला होता. हे जास्त वाईट झालं. भिकार असता तर धुतल्याचं पुण्य लागलं असतं.

राव सार दर रविवारी यायला लागले. दुकानात स्टुलावर बसायचे, पोरं कॅसेट परत करायला आली की विचारायचे, "कसा वाटला?" आपण कोण ते सांगायचे नाहीत. एक पोरगा त्यांच्याशी भांडला, की शेवट चुकलाय, त्यानं बोअर पडल्यावरही खाली यायला पाहिजे होतं. सार म्हणाले, "मीही तेंच म्हणालों होतों त्या डायरेक्टरला." आणि मग दिवसभर खुश.

एकच दुखणं होतं त्यांना. सिनेमा लागला तेव्हा थिएटरात ते आणि दहा-अकरा माणसं. त्यातली निम्मी पंख्याखाली झोपायला आलेली. भरलेल्या थिएटरात, मोठ्या पडद्यावर आपला सिनेमा एकदा बघायचा होता. निगेटिव्ह ज्या लॅबमध्ये होती ती बंद पडून निगेटिव्ह आंबून गेली. पण प्रिंटा सात होत्या. बोटांवर मोजून म्हणायचे, "सात, सेट्टु! सातांतली एक तरी पेट्टी कोठेंतरी असेलच."

मी म्हणायचो, "असेल सार."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? सांगणारच होतो. पुढच्या रविवारी. पण पुढच्या रविवारी ते मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, घेऊन आले. मुरुक्कू खाताना असलं कसं सांगायचं? त्याच्या पुढच्या रविवारी शालनला ताप. अशी मी कारणं शोधली, आणि कारणं शोधण्यात मी चौथीपासून पहिला.

सगळ्यात मोठा निर्लज्जपणा सेलमचा. कुणीतरी सारांना सांगितलं, की सेलममध्ये एका बंद टुरिंग टॉकीजच्या गोदामात जुन्या पेट्या आहेत. सार म्हणाले, "एकटा जातों तर ओझें उचलवणार नाहीं. तूं ये." आणि मी गेलो! बसनं, सहा तास, खिडकीची जागा मी घेतली. वाटेत परोटे खाल्ले, त्यांच्या आग्रहानं दोन जास्त. गोदामात आम्ही दोघांनी दिवसभर पेट्या उघडल्या. मला तमिळ वाचता येत नाही, तरी मी प्रत्येक चिठ्ठीवर वाकून बघत होतो, नाही सार, ही नाही, म्हणत होतो. त्यांचे हात गंजानं लाल झाले. मी त्यांच्या हातावर पाणी ओतलं. परतताना बसमध्ये म्हणाले, "तुझ्यासारखा मित्र मिळाला, पेट्टी नाहीं मिळाली तरी चालेल." मी झोपल्याचं सोंग केलं. घोरलोसुद्धा.

पुढं कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, फोन आला. दुकान बंद झालं. आम्ही वेलचेरीत मुलाच्या फ्लॅटमध्ये आलो. उरलेल्या कॅसेटी खाली पार्किंगच्या खोलीत ठेवल्या होत्या, पुराचं पाणी आलं तेव्हा त्या गेल्या. पाण्याचा सिनेमा पाण्यात गेला, मी म्हटलं, हिशेब मिटला.

कसला मिटतोय! त्याआधीच कुणीतरी जुन्या गिऱ्हाइकानं माझ्या कॅसेटवरनं कॉपी करून इंटरनेटवर टाकली होती. वर जाहिरातीची पट्टी तशीच, 'सेट्टु व्हिडिओ, तिरुवल्लिकेणी'. आता आयटीतली पोरं तो सिनेमा बघतात. रांगेत उभं न राहिलेली, टँकरनं पाणी मागवणारी पोरं. खाली इंग्रजीत काय काय लिहितात. कुणी म्हणतं काळाच्या पुढचा. मी प्रत्यक्ष बघितलंय, काळाच्या पुढचा तो अजिबात नव्हता, पिंपात आरामात मावला.

आमच्याच बिल्डिंगमध्ये केतकी नावाची पुण्याची मुलगी राहते. ऑफिसच्या मित्रमैत्रिणींचा सिनेमाचा क्लब चालवते. एक दिवस लिफ्टमध्ये वॉचमननं मला सेट्टु म्हणून हाक मारली, आणि तिनं वळून बघितलं.

"काका, सेट्टु व्हिडिओ... तुम्हीच का?"

मी म्हटलं, उधारी राहिली असेल तर तो मी नव्हे.

"अहो, तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय केलंय? एकही प्रिंट शिल्लक नाही त्या सिनेमाची! तुमच्या कॅसेटमुळं तो आज आहे. काका, तुम्ही वाचवलाय तो!"

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. मी तिसऱ्यावर राहतो. तरी उतरलो.

ठरलं असं. एक थिएटर रविवारी सकाळी भाड्यानं घ्यायचं. कॅसेटवरचाच सिनेमा, जमेल तेवढा साफ करून, मोठ्या पडद्यावर दाखवायचा. राव सारांचा सत्कार. आणि सोबत माझाही. सिनेमा वाचवल्याबद्दल!

शालन म्हणाली, "जाऊ नका." मग म्हणाली, "नाही, जा. आणि सांगा." मग म्हणाली, "पण तो निळा शर्ट घालू नका, बटण नाही त्याला." तीन वाक्यांत तिनं माझं सगळं आयुष्य सांगितलं.

थिएटर भरलं. जागा नाही म्हणून पायऱ्यांवर पोरं बसली. राव सार आता ऐंशीच्या घरात, काठी घेऊन आलेले, मधल्या रांगेत बसले. मी शेजारी. सिनेमा सुरू झाला. मोठ्या पडद्यावर कॅसेटचं चित्र म्हणजे ओल्या भिंतीवरचं कॅलेंडर. रंग फुटलेला, घागर पोपटी की पिवळी कळेना. पण पोरं बघत राहिली. जिथं हसायचं तिथं हसत होती. सार पडदा कमी आणि मागं वळून माणसं जास्त बघत होते. मग ती जागा आली. बाई हसते ती. आणि पडद्यावर नुसता पांढरा बर्फ, खरखर, काही दिसेना. हजार वेळा मागं फिरवलेलं, उरणार काय? सारांनी माझा हात धरला. म्हणाले, "कोठें गेली?"

सिनेमा संपल्यावर टाळ्या थांबेनात. मग प्रश्नोत्तरं. एक दाढीवाला उभा राहिला. म्हणाला, ती हसते त्या क्षणी चित्र विरघळवून टाकणं, म्हणजे सुख दाखवायलाच नकार देणं, हे त्या काळात करायचं धाडस कसं झालं? सार माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "धाडस याच्या गिऱ्हाइकांचें."

मग पोन्नाडै आली. इकडं सत्काराला जरीची शाल घालतात, ती. चेन्नईच्या उकाड्यात शाल घालणं हा सत्कार की शिक्षा, मला कधी कळलं नाही. एक सारांना घातली, एक मला. केतकीनं माइक दिला. म्हणाली, "काका, दोन शब्द."

मी सांगितलं. सगळं. थोडं तमिळ, थोडं मराठी, केतकी इंग्रजीत करून सांगत होती. की मी गलाईवाला, मी सात पेट्या आणल्या, गच्चीवर धुतल्या, रंगीत आहे हे मला कळलं नाही, मामाच्या चिमट्यात एक जोडवं निघालं. या सिनेमाच्या प्रिंटा ज्यानं संपवल्या तो मी. वाचवणारा नाही, धुणारा.

आणि थिएटर हसायला लागलं! जोडव्याला तर शिट्ट्या. मी म्हटलं, खरंच सांगतोय. अजून हसले. त्यांना वाटलं, म्हातारा विनोद करतोय. आयुष्यभर सगळं हसवत सांगितलं त्याचं फळ. कबुली द्यायला उभा राहिलो आणि शो हिट झाला. केतकी डोळे पुसत म्हणाली, "काका, तुम्ही स्टँडअप करा."

एकच माणूस हसला नाही. तो काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडं बघत होता.

घरी सोडायला मीच ऑटोत बसलो त्यांच्याबरोबर. दोघं दोन शाली घालून, नवरदेव चुकलेल्या वरातीसारखे. सारांनी काठी दोन गुडघ्यांत धरली. मग म्हणाले, "सेलमला आलास तेव्हां ठाऊक होतें?"

धुतल्याचं विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर होतं. चूक झाली, अडाणी होतो. पण त्यांनी नेमकं तेच विचारलं.

मी म्हटलं, "ठाऊक होतं, सार."

"आणि परोटे खाल्लेस."

"चार."

पुढच्या सिग्नलला ऑटो थांबली. मग म्हणाले, "चांदी किती म्हणालास?"

"एक जोडवं."

"मग त्या पडमातून, त्या सिनेमातून, काहीं मिळालेला माणूस तूं एकटाच." आणि हसले. एकदाच, जरासं. मला बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात त्यांचं घर आलं. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल काढून घेतली, ऑटोच्या सीटवर ठेवून नीट चौघडी घातली, आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. त्यांच्या अंगावर त्यांची होतीच.

म्हणाले, "रविवारीं ये. सेलमचें अस्कें पहिल्यापासून सांग. हसवूं नकोस."

मी गेलो. त्यांच्या समोर खुर्चीवर बसलो आणि सांगितलं. बस, गोदाम, चिठ्ठ्या, त्यांच्या हातांवर ओतलेलं पाणी, झोपेचं सोंग घेतलं ते. मधे दोनदा जिभेवर विनोद आला, दोन्ही वेळा गिळला. बिनविनोदाची माझी गोष्ट पाच मिनिटांत संपली. इतकी छोटी आहे हे मलाही माहीत नव्हतं.

राव सार डोळे मिटून ऐकत होते. मी थांबलो तसे डोळे न उघडता म्हणाले, "पुन्हां सांग."